चौदा की एकोणीस

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचं लग्न झालं. लग्न गारगोटी रस्त्यावरच्या एका कार्यालयात दुपारी साडेबाराला लागलं. वरात पाचच्या सुमारास गावात शिरली. वरातीचा डीजे मी ठरवला होता. ठरवताना एक चूक झाली, तीही माझीच.

आमचं गाव बिद्रीपासून फार लांब नाही. भाऊ साखर कारखान्यात फिटर होता. आता निवृत्त आहे, घरी एक म्हैस आहे. मी कोल्हापुरात एका दैनिकात उपसंपादक होतो. त्यामुळे घरातलं लिहिण्या-बोलण्याचं काम माझ्याकडे येतं: ग्रामपंचायतीला अर्ज, वीज बिलाची तक्रार, पत्रिकेचा मजकूर. या वेळी डीजेही त्यातच धरला गेला.

भावाची अट एकच होती. कोपऱ्यावर गाणं बंद होता कामा नये.

फाट्यावरून गावात शिरलं की थोड्या अंतरावर रस्ता डावीकडे वळतो. त्या वळणाला गावात नुसतं कोपरा म्हणतात. तिथे तालमीचा कट्टा आहे. त्याला लागून दूध संकलन केंद्र आणि समोर केस कापायचं दुकान. पुढे आणखी दोन वळणं घेऊन रस्ता आमच्या गल्लीत जातो. आमची गल्ली बौद्धांची. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली; गल्ली त्याआधीही तिथेच होती.

आमच्या गल्लीची वरात कोपऱ्यावर आली की वाजवणारे थांबतात. कट्टा मागे पडला की पुन्हा सुरू करतात. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात नाही, पोलिसांच्या परवानगीत नाही. कुणाला कारण विचारलं तर देऊळ सांगतात. देऊळ पलीकडच्या आळीत आहे, कोपऱ्यावरून दिसत नाही. गावातल्या बाकीच्या वराती त्याच कोपऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ थांबतात, कारण रस्ता तिथे रुंद आहे आणि नाचायला जागा मिळते. चौदा एप्रिलची आमची मिरवणूक कोपऱ्यावरून जातच नाही. ती ओढ्याच्या बाजूने फाट्यावर जाते आणि तशीच परत येते.

भावाच्या लग्नात बेंजो पार्टी होती. मी तेव्हा शाळेत होतो. भाऊ आणि वहिनी उघड्या जीपमध्ये बसले होते. कोपरा आला तसा बेंजोवाल्याने आपण होऊन हात वर केला. ताशा थांबला, खुळखुळा थांबला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला माहीत होतं. कट्ट्यावर बसलेल्यांपैकी एकाने भावाला हात केला. भावानेही केला. यावर भाऊ पुढे कधी काही बोलला नाही. मुलाचं लग्न ठरलं त्या आठवड्यात पहिल्यांदा बोलला.

"माझ्या वक्ताला बंद झालं," तो म्हणाला. "पोराच्या वक्ताला होणार न्हाय. आपलं गाणं कोपऱ्यावर वाजलं पाहिजे."

वहिनी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "एका दिवसाचं लगीन. दूध घालायला रोज त्याच कोपऱ्यावर जायाचं हाय."

"दूध घालायला मी जातोय. तू कुठं जातीस?"

"म्हणूनच सांगालोय."

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'सांगालोय', 'आलो', 'गेलतो'. मुंबईच्या सोयऱ्यांना त्याचं हसू येतं.

पुतण्या एमआयडीसीत कामाला आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "पप्पा, कोपरा कोण बघतंय आता? बेस चांगला पाहिजे, बास." एवढं बोलून तो पत्रिका वाटायला गेला. या विषयात तो परत पडला नाही.

पहिलं दुकान आम्ही कोल्हापुरात पाहिलं, राजारामपुरीत. काचेचं दार, आत गारवा. टेबलामागच्या तरुणाने आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "संगीत ठेवलंय का काका? कपल एन्ट्री कशी हवी? डीजे कोण पाहिजे?" मग त्याने टॅबवर फोटो दाखवायला सुरुवात केली. कानाला हेडफोन लावलेली, एक हात वर केलेली माणसं होती. एक पुण्याचा, एक गोव्याचा, एक मुलगी. भावाने एकेक फोटो चष्मा लावून नीट पाहिला. शेवटी म्हणाला, "ह्यात डीजे कुठं हाय?"

"काका, हेच डीजे. हे आर्टिस्ट आहेत सगळे."

"माणूस नको आम्हाला. डीजे पाहिजे."

तरुण माझ्याकडे बघायला लागला. आमच्याकडे डीजे म्हणजे यंत्र: ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. ती चालवतो तो ऑपरेटर. जुनी माणसं या यंत्रालाच डॉल्बी म्हणतात. मी बातमीत 'ध्वनियंत्रणा' लिहायचो. तरुणाला हे समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की तसलं काम ते करत नाहीत, फक्त हॉलमधलं करतात. भावाने त्याला पत्रिका दिली आणि जेवायला या म्हणून सांगितलं.

दुसरा मालक मुधाळ तिट्ट्याजवळ एका शेडमध्ये भेटला. त्याच्याकडे ट्रक होता, चार बेस होते, लाइटही होते. त्याने चहा मागवला. गाव विचारलं. भावाने सांगितलं. मग त्याने विचारलं, "गल्ली कुठली?"

भावाने गल्लीही सांगितली.

"व्हय व्हय," मालक म्हणाला. "वाजवलंय की तुमच्याकडं. फाट्यापास्नं कोपऱ्यापतूर वाजवायचं, मग बंद, मग गल्लीत गेल्यावर पुन्ना. सगळं म्हाईत हाय, काय काळजी करू नका."

"बंद करायचं न्हाय," भाऊ म्हणाला.

"कोपऱ्यावर?"

"कोपऱ्यावर."

मालकाने शेडमधल्या स्पीकरकडे पाहिलं. "पावणं, तुमचं लगीन एक दिवस. मला ह्या भागात वर्षभर धंदा करायचा हाय. ह्यातला एक जरी फुटला तर तुम्ही देणार काय भरून?"

भावाने कपबशी खाली ठेवली.

"चा तरी घ्या की."

"झाला," भाऊ म्हणाला. चहा कपात तसाच होता.

परत येताना मोटारसायकलवर तो मागे बसला होता. निम्म्या रस्त्यात म्हणाला, "तिसऱ्याकडं तू एकटाच जा. मला राग येतोय. एकच इचार, कोपऱ्यावर बंद करणार काय."

तिसरा मालक गारगोटीचा. बाजाराच्या मागच्या बाजूला त्याचं दुकान आहे. मुसलमान घर, गारगोटीत तीन पिढ्या. वडील कर्णे भाड्याने द्यायचे, सभा आणि तमाशा दोन्हींना. मालकाचं वय पंचावन्नच्या आसपास. दुकानात मी गेलो तेव्हा तो एक स्पीकर उघडून आतला कागद चिकटवत होता. बाकावर दोघेजण बसले होते. तेही डीजे ठरवायला आले होते. मी त्यांना ओळखत नव्हतो.

"गाव?" मालकाने हात न थांबवता विचारलं. मी सांगितलं.

"आडनाव?" तेही सांगितलं. आमचं आडनाव गावात आमच्या गल्लीतही आहे आणि कट्ट्याच्या बाजूलाही आहे.

मी भावाचा प्रश्न विचारला. "गावात एक कोपरा आहे. तिथे गाणं बंद करणार का?"

"का म्हणून?" मालक म्हणाला. "डिझेल संपलं तर बंद. हवालदारानं हात केला तर बंद. तिसरं कारण मला म्हाईत न्हाय."

"तिथे बाकीचे करतात."

"करू देत की. माझा जनरेटर म्हातारा हाय, एकदा बसला की उठवायला चार माणसं लागत्यात. म्या कशाला बंद करतोय?"

बाकावरचे दोघे हसले. त्यांतला एक म्हणाला, "चाचा, जनरेटर का तुम्ही?"

"दोघंबी," चाचा म्हणाला.

मग त्याने हात पुसले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर फोल्डर होते. हळद, वरात, हिंदी, जुनी, १९, १४, उरूस. तो म्हणाला, "वरातीत आधी पिक्चरची लावायची. शेवटी मात्र तारखेचीच लागत्यात. त्याबिगार माणूस नाचत न्हाय."

"तारखेची म्हणजे?" हे मी उगाच विचारलं. मला माहीत होतं.

"एकोणीस फेब्रुवारी न्हायतर चौदा एप्रिल. ज्याची जी जयंती त्याची ती गाणी."

"आणि तुमची तारीख?"

"आमची कुठली तारीख आलीय? चंद्र दिसंल तवा."

दोघे पुन्हा हसले. मालकाने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "सांगा, तुमची कुठली लावायची?"

"आपली," मी म्हणालो.

"आपली म्हणजे आपलीच," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

दैनिकात असताना वार्ताहराच्या बातमीत 'आपला' हा शब्द आला की मी तो खोडायचो. 'आपले गाव', 'आपला उमेदवार', 'आपली माणसे'. समासात लिहायचो: कुणाचा? काही वार्ताहर त्यावरून चिडायचे. गारगोटीत मला प्रश्न सरळ विचारला गेला होता आणि उत्तराला दोनच शब्द होते, एक अंक आणि एक महिना. मी ते उच्चारले नाहीत.

घरी आल्यावर भावाने विचारलं, "बंद करणार न्हाय ना?"

"नाही म्हणाला."

"आणि गाणी?"

"सांगितली आहेत."

भावाने दुसऱ्या दिवशी गारगोटीला जाऊन इसार दिला. गाण्यांचा विषय निघाला नाही. मालकाने त्याला जनरेटर दाखवला. भावाला यंत्रातलं कळतं. दोघे तासभर त्याच्या इंजेक्टरविषयी बोलत बसले. घरी येऊन भाऊ म्हणाला, "माणूस चांगला हाय. मशीनची काळजी घेतोय."

पोलीस परवानगीचा अर्ज मी लिहिला. वरातीचा मार्ग लिहिताना फाटा, तालीम चौक आणि आमची गल्ली असे तीन टप्पे घातले. ठाण्यातल्या हवालदाराने अर्ज वाचला, आवाजाच्या मर्यादेची अट वाचून दाखवली आणि विचारलं, "मार्ग न्हेमीचाच न्हवं?" मी हो म्हणालो. त्याने शिक्का मारला.

लग्नाच्या दिवशी ट्रक फाट्यावर चार वाजल्यापासून उभा होता. नवरा-नवरी कार्यालयातून आले तेव्हा पावणेपाच झाले होते. पुढे ट्रक, मग नाचणारे, मग बायका, शेवटी फुलांनी सजवलेली गाडी, अशी वरात निघाली. गल्लीतली आणि पाहुण्यांतली मिळून साठ-सत्तर माणसं होती. मालक स्वतः ट्रकवर मिक्सरपाशी उभा होता, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून. सुरुवातीला त्याने सिनेमाची गाणी लावली. पुतण्याला हवा होता तसा बेस होता; दुकानांची शटरं थरथरत होती.

भाऊ ट्रकच्या पुढच्या चाकाजवळून चालत होता. तो नाचणाऱ्यांकडे पाहत नव्हता, वळणाकडे पाहत होता. वहिनी बायकांमध्ये होत्या. कोपऱ्याच्या अलीकडे त्यांनी माझ्याजवळ येऊन कानाशी तोंड नेलं. "भावजी, त्या डीजेवाल्याला हळूच सांगा की बंद कर म्हणून. ह्यांना कळणार न्हाय." मी म्हणालो की त्याला कळेल. त्या परत बायकांत गेल्या.

ट्रक वळणावर आला. कट्ट्यावर अकरा जण बसले होते. सिनेमाचं गाणं संपलं, पण आवाज थांबला नाही. मालकाने माइक घेतला. "आता लावतोय आपलं गाणं!" तो म्हणाला आणि पुढचं गाणं सुरू केलं.

ते एकोणीस फेब्रुवारीचं होतं. पहिल्या ठोक्यातच कळलं.

कट्ट्यावरून सात जण उतरले. ते सरळ आमच्या नाचणाऱ्यांत घुसले. आमची पोरंही थांबली नाहीत. फेब्रुवारीतल्या मिरवणुकीत ती याच गाण्यावर याच सात जणांबरोबर नाचतात. एकाने भावाचा हात धरला आणि ओरडून म्हणाला, "काका, लय भारी! आज कसं आपलं वाटालंय!" दुसऱ्याने त्याच्या टोपीवर गुलाल टाकला. भाऊ हसला नाही, रागावलाही नाही. त्याने हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे आला.

"हे कुणी सांगितलं?"

"मी 'आपली' म्हणालो होतो," मी सांगितलं.

"आपली म्हणालास?"

"हो."

तो वळला. मग ट्रकच्या मागच्या बाजूला गेला, फळी धरून वर चढला आणि मालकाला काहीतरी सांगायला लागला. मालकाला ऐकू येत नव्हतं. त्याने कानामागे हात नेला. भाऊ पुन्हा ओरडला. मालकाने मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून खूण केली, आणि मिक्सरवरची कळ खाली ओढली.

गाणं बंद झालं. फक्त जनरेटर चालू राहिला.

भाऊ ओरडतच होता. त्यामुळे वाक्याचा उरलेला भाग कोपऱ्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेला.

"—चौदा एप्रिलचं लाव!"

नाचणारे थांबले. मालकाने वही काढली. "चौदा? हितं एकोणीस लिवलंय. तुमचं भाऊ बोललं, आपली लावा. तुमच्या आडनावावरनं म्या आपलं…" त्याने वाक्य पुरं केलं नाही.

"हीबी आपलीच हायत," भाऊ म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "लावलीस ती बरं केलंस. आता चौदाचं लाव."

"मग आधी न्हाय व्हय सांगायचं पावणं? भारीतलं भारी हाय माझ्याकडं." तो लॅपटॉपवर शोधायला लागला. उन्हात पडदा दिसत नव्हता, म्हणून त्याने टॉवेल डोक्यावरून पुढे ओढून आडोसा केला.

शांतता लांबली. कट्ट्यावर चार जण बसून होते. त्यांतले वयाने मोठे एक गृहस्थ म्हणाले, "बंद झालंयच न्हवं, तर तसंच घ्या फुडं गाडी. कट्टा झाल्यावर लावा काय ते." त्यांचा आवाज साधा होता.

ड्रायव्हरने गिअर टाकल्याचा आवाज आला. वहिनी मागून म्हणाल्या, "चला हो, घ्या फुडं. उशीर होतोय."

भाऊ ट्रकवरून उतरला आणि पुढे जाऊन उभा राहिला. ट्रक आणि तो यांच्यात हातभर अंतर होतं. "गाणं लागल्याबिगर गाडी हालणार न्हाय," त्याने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने गिअर काढला.

कट्ट्यावरचे गृहस्थ उठून उभे राहिले. उतरलेल्या सात जणांपैकी एक दूध केंद्रावर फॅट काढतो; दुधाचा भाव त्यावर ठरतो. तो रस्त्याच्या मध्ये होता, शर्ट भिजलेला. तो मालकाकडे बघून ओरडला, "अरं चाचा, लाव की कायतरी! घाम वाळालाय!"

बायकांमध्ये कुणीतरी हसलं.

"घावलं!" मालक टॉवेलच्या आतून म्हणाला.

चौदा एप्रिलचं गाणं सुरू झालं तेव्हा मी मोबाइलवर वेळ पाहिली. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. आमच्या गल्लीतल्या बायका, ज्या तोवर मागे चालत होत्या, पुढे आल्या. वहिनी आल्या नाहीत. त्या गाडीजवळ, नवरीच्या खिडकीपाशी थांबल्या. सात जणांपैकी तिघे कट्ट्यावर परत गेले. दोघे रस्त्याच्या कडेला हात बांधून उभे राहिले. फॅट काढणारा आणि आणखी एक नाचत राहिले. उभे राहिलेले गृहस्थ केस कापायच्या दुकानात गेले. दुकानाचं शटर आतून कुणीतरी अर्ध्यापर्यंत ओढलं.

भाऊ ट्रकसमोरून बाजूला झाला. ड्रायव्हरला त्याने हळू घ्यायला सांगितलं.

कट्ट्याची लांबी ओलांडायला ट्रकला नऊ मिनिटं लागली. पाच वाजून सोळा मिनिटांनी त्याचं मागचं चाक कोपऱ्याच्या पुढे गेलं. गाणं चालू होतं.